दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर: लक्झरी गाडीची बॅटरी कशी सांभाळायची

मुलांकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला दोन-तीन महिन्यांसाठी निघालेल्या माणसाच्या यादीत सगळं असतं. औषधं, इन्शुरन्सचे कागद, भाजणीची पाकिटं, गॅसचा नॉब, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी. खाली पार्किंगमध्ये उभी असलेली साठ-सत्तर लाखांची गाडी मात्र एका वाक्यात उरकली जाते: "वॉचमनला सांगितलंय, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेव म्हणून." बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, व्होल्वो, जॅग्वार यांसारख्या गाड्यांना हा उपाय पुरत नाही, आणि काही वेळा त्याने नुकसानच होतं. परत आल्यावर रिमोटचं बटण दाबावं तर दार उघडत नाही, डिकी उघडत नाही, आणि बॅटरी नेमकी डिकीत.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन सुरू झाला, तेव्हा पुढच्या काही आठवड्यांत कितीतरी सोसायट्यांनी हे पाहिलं. साधी हॅचबॅक धक्का मारून किंवा जंप देऊन निघाली. महागड्या गाड्यांना मात्र टोइंगवाल्याची वाट बघावी लागली. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. त्यासाठी निघण्याआधी दोन दिवस हाताशी ठेवा आणि खाली दिलेल्या क्रमाने जा. हा लेख मुख्यतः पेट्रोल-डिझेल गाड्यांमधल्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकचं शेवटाकडे येईल.

बंद गाडी किती करंट खाते

लॉक केलेली गाडी लगेच झोपत नाही. दार लागलं, दिवे विझले तरी आतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलत असतात. गाडीनुसार पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ गेला की एकेक युनिट झोपी जातं. नीट झोपलेली गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट घेत राहते. एवढा करंट अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि मोबाइल ॲपला उत्तर देणारं मॉड्युल जिवंत ठेवायला लागतो.

आता हिशोब करू. ३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे महिन्याला २२ च्या आसपास. ८० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर महिन्याने ती सत्तर टक्क्यांच्या आसपास असते आणि गाडी आरामात सुरू होते. पण पार्किंग मोडमधला डॅशकॅम चालू राहिला आणि त्याने ३०० मिलिअँपिअर ओढले, तर दिवसाला ७ अँपिअर-तास जातात आणि अर्धी बॅटरी आठवड्याच्या आत संपते. गाडी झोपलीच नाही, म्हणजे दार नीट लागलं नाही किंवा एखादं युनिट अडकून जागं राहिलं, तर पाच ते दहा अँपिअर वाहत राहतात आणि एका रात्रीत खेळ आटोपतो.

म्हणून "गाडी किती दिवस उभी राहणार" याच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: गाडी नीट झोपते का, आणि उभी करताना बॅटरी किती भरलेली होती? बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नात अडकतात. नव्या गाड्यांमधला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र, बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरत नाही. ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा साठवायला जागा हवी म्हणून तो तिला ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवतो. त्यात शहरातल्या छोट्या फेऱ्या आणि सिग्नलला इंजिन बंद होणं आलं की ती आणखी खाली येते. मालकाला वाटतं गाडी रोज चालते, म्हणजे बॅटरी फुल असणार. प्रत्यक्षात ती साठ-सत्तर टक्क्यांवर असू शकते, आणि त्याच अवस्थेत ती दोन महिन्यांसाठी सोडली जाते.

अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक धरतात. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतात. आठवडे गेले तर ते कडक होतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. शिवाय उन्हाळ्यात बॅटरीची स्वतःची गळतीही, म्हणजे काही न जोडता आपोआप उतरणंही, वाढते. तापमान १० अंशांनी वाढलं की ती ढोबळमानाने दुप्पट होते. नागपूरला मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि पुण्यात बेसमेंटमध्ये उभी असलेली गाडी यांना एकच नियम लावून चालत नाही.

बॅटरी शोधा आणि तिच्यावरचं लेबल वाचा

बॉनेट उघडल्यावर बॅटरी दिसली नाही तर दचकू नका. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक सेडानमध्ये ती डिकीत असते, ३ सिरीजमध्ये उजव्या बाजूच्या झाकणाखाली. ऑडी क्यू ७ मध्ये ती पुढच्या सीटखाली असते. काही मर्सिडीज मॉडेलमध्ये मुख्य बॅटरीखेरीज एक छोटी सहायक बॅटरीही असते. बॅटरी बॉनेटखाली नसली तरी तिथे चार्जिंगसाठी दोन जागा दिलेल्या असतात: लाल टोपीखालचं पॉझिटिव्ह टर्मिनल आणि चॅसीला जोडलेला निगेटिव्ह खांब किंवा बोल्ट. मॅन्युअलमधलं जंप स्टार्टचं पान काढून या दोन्ही जागा आजच डोळ्यांनी पाहून घ्या. अंधाऱ्या बेसमेंटमध्ये टॉर्च तोंडात धरून शोधण्याची ती वेळ नव्हे.

लेबलवर तीन गोष्टी बघायच्या. प्रकार (बहुतेक ठिकाणी एजीएम लिहिलेलं असतं), क्षमता (७०, ८०, ९२, ९५, १०५ अशा आकड्यांत) आणि तयार झाल्याची तारीख. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या पातळ गाद्यांमध्ये शोषलेलं असतं. तिला वरून डिस्टिल्ड वॉटर घालता येत नाही, त्यामुळे जास्त चार्जिंगने उडालेलं पाणी परत भरता येत नाही. चार्जर निवडताना हे लक्षात ठेवायचं. बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर निघण्याआधी तिची टेस्ट करून घ्या. म्हातारी बॅटरी कितीही जपली तरी दोन महिन्यांनी दगा देऊ शकते, आणि परदेशातून आल्यावर विमानतळावरून थेट दवाखान्यात जायची वेळ आली तर त्याच दिवशी देते.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर बेकिंग सोडा कालवलेल्या पाण्याने ओलसर केलेल्या जुन्या ब्रशने तो काढा, कोरडं करा, वर व्हॅसलीनचा हलका हात फिरवा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हे दरवर्षी पावसाळ्याआधी करावं लागतं.

मीटर लावून बघा

पाचशे-सातशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी चालवून आल्यावर लगेच मोजू नका. चार्जिंगचा वरवरचा फुगवटा असतो, आकडा खोटा दिसतो. रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा. बॉनेट उघडलं की गाडी जागी होते, म्हणून उघडल्यावर अर्धा तास थांबून मगच प्रोब लावा.

एजीएम बॅटरीला १२.८ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर ती भरलेली आहे. १२.५ च्या आसपास म्हणजे पाऊणच्या आगेमागे. १२.२ म्हणजे अर्धी, लगेच चार्ज करायला हवी. १२ च्या खाली गेली तर तिचं नुकसान सुरू झालं आहे असं समजायचं. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचे आकडे यापेक्षा साधारण ०.१ ते ०.२ ने खाली असतात, तिथे १२.६ ते १२.७ म्हणजे फुल.

दुसरं मोजमाप जरा किचकट आहे, पण ज्यांची बॅटरी वारंवार उतरते त्यांनी ते करावंच. त्यासाठी डीसी करंट मोजणारा आणि मिलिअँपिअरपर्यंत दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या. मीटर शून्य करून घ्या आणि निगेटिव्हची केबल त्याच्या जबड्यात घ्या. दोन केबल असतील तर दोन्ही. बॅटरी डिकीत असेल तर मग डिकीच्या लॉकमधला खटका स्क्रू-ड्रायव्हरने दाबून "टक्" करून बंद करा, म्हणजे डिकी उघडी असली तरी गाडीला ती बंद वाटते. रिमोटने लॉक करा, किल्ली वर घरी पाठवून द्या, आणि मीटरकडे बघत बसा.

सुरुवातीला आकडा सात-आठ अँपिअर असतो. डिकीचा दिवा विझला की पाचवर येतो. दहा-बारा मिनिटांनी दोनच्या खाली, मग बराच वेळ अर्ध्या अँपिअरच्या आसपास रेंगाळतो. इथे बरेच जण कंटाळून निष्कर्ष काढतात की गाडी करंट खाते. थांबा. अर्ध्या-पाऊण तासाने एका क्षणी तो ०.०३ वर घसरतो आणि तिथेच टिकतो. हीच झोप. बऱ्याच गाड्यांमध्ये त्याच सुमारास स्टार्ट बटणाचा किंवा गिअरजवळचा बारीक दिवाही विझतो, त्यामुळे मीटर नसला तरी काचेतून डोकावून अंदाज येतो.

तासाभरानेही आकडा ०.०५ च्या खाली येत नसेल, किंवा खाली येऊन पुन्हा पुन्हा उसळत असेल, तर आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढा: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले स्कॅनर लावतात ती जागा) खोचलेलं डोंगल, बाहेरचा ॲम्प्लिफायर. ओबीडी डोंगल स्वतः थोडाच करंट खातं, पण ते गाडीच्या संगणकांना झोपू देत नाही. फास्टॅगची मात्र काळजी नको. त्यात बॅटरी नसते, गाडीतून तो काहीच घेत नाही.

काम झाल्यावर डिकीचा खटका बटण दाबून आधी मोकळा करा, मगच डिकी लावा. खटका बंद असताना डिकी आपटली तर लॉक वाकतं. आणि मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत मध्ये जोडून करंट मोजायचा जुना प्रकार या गाड्यांवर करू नका. गाडी जागी झाली की मीटरमधला १० अँपिअरचा फ्यूज उडतो.

निघण्याआधीचे दोन दिवस

आदल्या रात्री बॅटरी चार्जरने पूर्ण भरून घ्या. लांबची ड्राइव्ह हा त्याला पर्याय नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे अल्टरनेटर शेवटची वीस टक्के जागा रिकामीच ठेवतो. ५ अँपिअरच्या चार्जरला ८० ची अर्धी बॅटरी भरायला दहा ते चौदा तास लागतात, म्हणून हे काम विमानाच्या दिवशी सकाळी काढू नका.

डॅशकॅमचा प्लग काढा. सॉकेटमध्ये राहिलेले मोबाइल चार्जर काढा. ग्लोव्ह बॉक्स आणि आरशाजवळचे दिवे विझतात ना ते बघा. सन-व्हायजरचं झाकण अर्धवट उघडं राहून दिवा जळत राहण्याचे प्रकार होतात. ठरावीक वेळी आपोआप चालू होणारं व्हेंटिलेशन असेल तर ते बंद करा. काही मर्सिडीज गाड्यांमध्ये मेन्यूत स्टँडबाय मोड असतो, तो नेमका लांब पार्किंगसाठीच दिलेला आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर जरूर वापरा.

किल्ली गाडीपासून लांब ठेवा. तळमजल्यावरचं घर असेल आणि भिंतीपलीकडेच गाडी उभी असेल तर किल्ली आतल्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात ठेवा. कीलेस गाडी जवळ आलेली किल्ली हुंगत असते आणि प्रत्येक वेळी थोडी जागी होते. याच कारणाने रोज गाडी पुसणाऱ्या मुलाला दोन महिने सुट्टी द्या. दाराच्या हँडलला हात लागला की अनेक गाड्या किल्ली शोधायला उठतात, आणि ओलं फडकं चारही हँडलांवरून रोज फिरत असतं. कंपनीचं ॲप उघडून "गाडी ठीक आहे ना" बघायची सवयही आवरा. काही गाड्यांत सर्व्हरवरची जुनी माहिती दिसते, काहींत गाडीला उठवून नवी मागवली जाते.

बाकीचं थोडक्यात: टायरमध्ये हवा दोन-तीन पीएसआय जास्त, सपाट जागा, गिअर पी मध्ये, चाकांना लाकडी ठोकळे, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या तारखा बघून ठेवा. उंदरांसाठी जे काही करता ते आधी करा, कारण बॉनेटखाली ते चार्जरची वायरही कुरतडतात.

प्लग पॉइंट मिळत असेल तर चार्जर लावा

पार्किंगजवळ सुरक्षित प्लग असेल तर बाकी कुठल्याही उपायाचा विचार करायची गरज नाही. बॅटरी मेंटेनर म्हणजे असा चार्जर, जो बॅटरी भरली की स्वतःहून हात आखडता घेतो आणि नंतर फक्त गळती भरून काढतो. फेरारी आपल्या गाड्यांबरोबर असं यंत्र देते. गाडी उभी राहणार हे बनवणाऱ्यालाच माहीत असतं. सीटेक, नोको, बॉश अशा कंपन्यांचे ४ ते १० अँपिअरचे मेंटेनर या कामाचे आहेत.

घेताना चार गोष्टी तपासा. एजीएम मोड हवा. तापमानानुसार व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय असेल तर आपल्या उन्हाळ्यात फार उपयोगी. लाईट जाऊन परत आल्यावर तो आधीच्याच मोडमध्ये सुरू व्हायला हवा. काही यंत्रं लाईट आल्यावर बटण दाबायची वाट बघत बसतात, आणि तुम्ही न्यू जर्सीत असता. चौथं म्हणजे ठिणगी आणि उलट्या जोडणीपासून संरक्षण. इलेक्ट्रिशियनकडचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर दोन महिने लावून ठेवणं धोक्याचं आहे. तो थांबत नाही, एजीएम बॅटरी तापते, आतला वायू बाहेर पडतो आणि ती कायमची सुकते. मेंटेनरवरचा जुन्या बॅटरीला जीवदान देणारा मोडही गाडीला जोडलेल्या एजीएमवर वापरू नका. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं, ते गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही नको असतं.

जोडण्याचा क्रम असा. चार्जर भिंतीतून बंद असू द्या. लाल चिमटा पॉझिटिव्हला. काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावू नका, चॅसीच्या ठरवून दिलेल्या जागेवर लावा. या गाड्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीत किती करंट गेला, किती आला याची मोजदाद ठेवतो. चिमटा थेट खांबावर लावला तर करंट सेन्सरला वळसा घालून जातो आणि गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली. मग फुल बॅटरी असूनही स्क्रीनवर बॅटरी कमी असल्याची सूचना येते आणि लोक गॅरेजमध्ये चकरा मारत बसतात. चिमटे लावल्यावर भिंतीवरचं बटण चालू करा, मोड निवडा. काढताना उलट क्रम.

दोन महिन्यांसाठी चिमटे नकोत. चार्जरबरोबर फ्यूज असलेली, टोकांना गोल कड्या असलेली छोटी वायर मिळते, ती बॉनेटखालच्या दोन्ही जागी बोल्टने घट्ट बसवून घ्या. वायर बॉनेटच्या कोपऱ्यातल्या रबराजवळून बाहेर काढा, चेपली जात नाही ना बघा, आणि बॉनेट पूर्ण बंद करा. अर्धवट उघड्या बॉनेटने काही गाड्या झोपतच नाहीत. मग गाडी लॉक करून तासाभराने परत जा आणि दिवा हिरवा किंवा भरत असल्याचा दिसतो का ते बघा.

आता सोसायटीचं. प्लग शक्यतो स्वतःच्या मीटरवरचा असावा. ईव्हीसाठी घेतलेला १५ अँपिअरचा पॉइंट असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. एमसीबी आणि अर्थिंग आधीच नीट केलेलं असतं. भरलेल्या बॅटरीवर मेंटेनर काही वॅटच घेतो, महिन्याला चार-पाच युनिट फार तर, तरी कमिटीला लेखी कळवा. एकात एक खोचलेले एक्स्टेन्शन बोर्ड, जमिनीवर लोळणारी वायर, पावसाचं पाणी येणारी जागा, यातलं काहीही चालणार नाही. प्लगपाशी मोठ्या अक्षरांत कागद लावा: फ्लॅट नंबर, फोन, "हा प्लग काढू नये, बॅटरी चार्जिंग चालू आहे". वॉचमनशी ठरवून घ्या की दर रविवारी चार्जरच्या दिव्याचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. "दादा, तेवढा हिरवा दिवा दिसतोय का बघून फोटो टाका" एवढं सांगितलं की काम होतं. त्यांना किल्ली द्यायची गरज उरत नाही, आणि माझ्या मते हाच या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

प्लग नसेल तर

महिन्याभरासाठी जाणार असाल, गाडी नीट झोपते हे तपासलं असेल आणि बॅटरी चांगली असून काठोकाठ भरलेली असेल, तर लॉक करून निर्धास्त जा. त्याहून जास्त दिवस असतील तर दोन वाटा उरतात: निगेटिव्ह काढून ठेवणं, किंवा भरवशाच्या माणसाने गाडी चालवणं.

निगेटिव्ह काढली की फक्त बॅटरीची स्वतःची गळती राहते. चांगली एजीएम थंड जागी तीन महिने सहज टिकते. पण आधी मॅन्युअल बघा, आणि ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय हात लावू नका. बाकीच्यांनी असं करावं:

१. गाडी पी मध्ये, इग्निशन बंद. अर्धा तास थांबा. ॲडब्लूवाली (धूर स्वच्छ करणारं द्रावण वापरणारी) डिझेल असेल तर इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं पंप त्या द्रावणाची नळी रिकामी करत असतो, त्याला वेळ द्या.

२. दाराच्या काचेला चौकट नसलेली गाडी असेल (कूपे, कन्व्हर्टिबल), तर काच आधी दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. करंट नसताना दार उघडलं की काच आपोआप खाली सरकत नाही आणि रबरात अडकून तुटू शकते.

३. किल्लीच्या आतली लोखंडी पट्टी बाहेर काढून ड्रायव्हरचं दार तिने उघडतं का ते आत्ताच करून बघा. काही गाड्यांमध्ये किल्लीचं भोक हँडलच्या टोपीखाली लपलेलं असतं.

४. १० नंबरच्या पान्याने (बहुतेक गाड्यांत हाच लागतो) निगेटिव्हचा क्लॅम्प सैल करा, सेन्सरला न हिसडता वर उचला, कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला बांधून ठेवा. पॉझिटिव्हला हात लावू नका.

५. बॅटरी डिकीत असेल तर डिकी लावण्याआधी ती परत कशी उघडणार याचं उत्तर हवं. नव्या बऱ्याच सेडानना डिकीला किल्लीचं भोक नसतं. उपाय असा: दार पट्टीने उघडायचं, आतला खटका ओढून बॉनेट उघडायचं आणि बॉनेटखालच्या दोन जागांना जंप पॅक (जंप देणारी छोटी पोर्टेबल बॅटरी) लावायचा. गाडीला करंट मिळतो आणि डिकी बटणाने उघडते. बॅटरी सर्किटमध्ये नसल्यामुळे हुशार जंप पॅक आपणहून करंट सोडत नाही, त्याचं मॅन्युअल बटण दाबावं लागतं. त्या बटणावर उलट्या जोडणीचं संरक्षण बंद असतं, म्हणून लाल-काळं दोनदा बघा. आणि पॅक घरात ठेवा, डिकीत नको.

या पद्धतीचे तोटे स्पष्ट आहेत. अलार्म बंद पडतो. गाडी पी मध्ये अडकलेली असते, ढकलून हलवता येत नाही. बेसमेंटमध्ये पाणी शिरण्याचा इतिहास असेल तर जून ते सप्टेंबर हा उपाय करू नका. ऐनवेळी गाडी वर काढणं कुणालाच जमणार नाही. मेकॅनिकल स्टॅक पार्किंगमध्येही तो निरुपयोगी आहे.

राहिलं चालवणं. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊण ते एक तास, मोकळ्या रस्त्यावर. कोथरूडचा माणूस तळेगावपर्यंत जाऊन आला की टायर, ब्रेक, गिअरबॉक्स आणि बॅटरी सगळ्यांचं काम होतं. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालवण्याने हे होत नाही. तेवढ्या वेळात अर्धी बॅटरी भरत नाही. भरत आलेली एजीएमसुद्धा शेवटच्या टप्प्यात करंट हळूहळूच घेते. वर दारं उघडली-लावली की सगळी युनिट पुन्हा जागी होतात, पंखे आणि एसी करंट खातात, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि डिझेल असेल तर फिल्टरमध्ये काजळी. चालवायला भाचा, पुतण्या, शेजारी, जो कुणी असेल त्याला अंतर आणि वेळ लिहून द्या, "अधूनमधून चालव रे" म्हणू नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक

यांच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निर्जीव. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप भरतात, पण मोठी पुरेशी भरलेली असेल तरच. तिला पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून जा. शंभरावर सोडू नका आणि दहावर तर मुळीच नाही. कॅमेऱ्याने पाळत ठेवणारा मोड आणि ठरलेल्या वेळी केबिन गार करणं बंद करा. छोटी बॅटरी काही मॉडेलमध्ये लिथियमची असते, तिला लेड-ॲसिडचा चार्जर लावायचा नाही.

परत आल्यावर

गाडी उघडली नाही तर पट्टीने दार उघडा, बॉनेट उघडा, मीटर लावा. १२ च्या खाली असेल तर घाईने सेल्फ मारत बसू नका. वेळ असेल तर जंप न देता चार्जर लावून रात्रभर भरा. त्याच्याइतकं बॅटरीच्या फायद्याचं काही नाही. फार खाली गेलेली बॅटरी काही चार्जर ओळखत नाहीत, तेव्हा अशा बॅटरीसाठी असलेला मोड वापरा किंवा ती गॅरेजमध्ये द्या. निघावंच लागलं तर जंप बॉनेटखालच्या दोन जागांवरूनच द्या, डिकीतल्या बॅटरीवर नाही. सुरू झाली की अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्यावर मोठा बोजा टाकते आणि तासाभराच्या ड्राइव्हने भरतही नाही. त्या रात्री चार्जर लावा.

निगेटिव्ह परत जोडल्यावर डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग असे पिवळे दिवे दिसले तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं अंतर चालवा, बहुतेक विझतात. काचा आपोआप वर जात नसतील तर बटण वर ओढून काही सेकंद धरून ठेवा. घड्याळ लावा.

बॅटरी एकदा पूर्ण बसली असेल तर भरून झाल्यावर एक दिवस उभी ठेवून व्होल्टेज पुन्हा मोजा आणि टेस्टरवर तिची ताकद लेबलवरच्या आकड्याशी ताडून घ्या. बदलावी लागली तर एजीएमच्या जागी एजीएमच, तेवढ्याच क्षमतेची. डिकीतल्या किंवा केबिनमधल्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी पातळ नळी असते. बाहेरच्या दुकानात बॅटरी बदलताना ती जोडायची हमखास राहते, स्वतः उभं राहून जोडून घ्या. बीएमडब्ल्यू, ऑडी अशा गाड्यांमध्ये नवी बॅटरी स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजून तसंच चार्ज करत राहते. बिल देण्याआधी विचारा, नोंद केली का.